'माझ्याकडे तर पटकन उघडते!'
वाचकांचे प्रश्न : वेबसाइटचा वेग

या वेळी आलेल्या पत्रांतली निम्म्याहून अधिक एकाच तक्रारीची आहेत: साइट बनवणाऱ्याकडे ती पळते आणि गिऱ्हाइकाकडे रांगते. म्हणून हा अंक त्याच विषयाला दिला आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

कोकणात आमचे होमस्टे आहे. पाहुणे फोन करून सांगतात की बुकिंगचे पान उघडतच नाही. साइट करून देणारा म्हणतो, 'माझ्याकडे तर पटकन उघडते.' पेजस्पीड इनसाइट्सवर (गूगलचे वेग मोजायचे साधन) पत्ता टाकला तर लॅपटॉपसाठी ९३ गुण, मोबाइलसाठी ३८. लगेच पुन्हा टाकला तर ४७. यातले खरे काय धरायचे?
— होमस्टेचालक, गुहागर

दोघंही खरंच बोलताहेत. साइट करणाऱ्याने ते पान शेकडो वेळा उघडलेलं असतं. चित्रं, फॉन्ट, स्क्रिप्ट (पानावर चालणारा कोड) सगळं त्याच्या ब्राउझरने आधीच साठवून ठेवलेलं असतं आणि घरी वायफाय असतं. तुमचा पाहुणा ते पान पहिल्यांदाच उघडतो, तेही घाटात, एसटीत बसून, साध्या फोनवर. मोजायचं ते त्याच्या फोनवर.

पेजस्पीड इनसाइट्सचं पान दोन मजली आहे आणि बहुतेक जण खालच्याच मजल्यावर अडकतात. वरच्या मजल्यावर खऱ्या माणसांच्या नोंदी असतात: क्रोम वापरणाऱ्या आणि वापराची आकडेवारी पाठवायला परवानगी दिलेल्या लोकांच्या, मागच्या २८ दिवसांतल्या. (आयफोनवरचं क्रोम यात धरलं जात नाही.) खालचे गुण देतं लाइटहाउस हे गूगलचं चाचणी-यंत्र. ते लांबच्या एका सर्व्हरवर तुमचं पान एकदा उघडतं आणि साध्या मोबाइलची नक्कल करतं: सेकंदाला १.६ मेगाबिटचं नेट, सर्व्हरकडे जाऊन येण्याच्या प्रत्येक फेरीला १५० मिलिसेकंद आणि चौपट मंद प्रोसेसर. लॅपटॉपच्या चाचणीत नेट १० मेगाबिटचं धरतात आणि प्रोसेसर मंद करत नाहीत. तुमच्या ९३ आणि ३८ मधला फरक तिथून येतो.

३८ चे ४७ का झाले? त्या क्षणी सर्व्हरवर किती भार होता, नकाशाची किंवा चॅटची बाहेरची स्क्रिप्ट किती लवकर आली, यावर गुण हलतात. पाच वेळा चाचणी घ्या आणि मधला आकडा धरा. एका चाचणीवरून 'सुधारलं' किंवा 'बिघडलं' म्हणू नका.

वरच्या मजल्यावर तीन आकडे बघायचे. एलसीपी, म्हणजे पडद्यावरचं सर्वांत मोठं चित्र किंवा मजकुराचा तुकडा दिसायला लागलेला वेळ: २.५ सेकंदांपर्यंत चांगला, ४ च्या पुढे वाईट. आयएनपी, म्हणजे बोट लावल्यापासून पडद्यावर काहीतरी बदल दिसेपर्यंतचा वेळ: २०० मिलिसेकंदांपर्यंत चांगला, ५०० च्या पुढे वाईट. सीएलएस, म्हणजे वाचता वाचता मजकूर किती उडाला: ०.१ पर्यंत चांगलं, ०.२५ च्या पुढे वाईट. हे आकडे सरासरीचे नाहीत. शंभर भेटी वेगाच्या क्रमाने उभ्या केल्या, तर पंचाहत्तराव्या भेटीचा आकडा धरतात. दहा जणांकडे वीजवेगाने उघडून काही उपयोग नाही, मंद रांगेतल्यांकडेही निभावलं पाहिजे.

लहान साइटला वरच्या मजल्यावर 'पुरेशी माहिती नाही' असं दिसतं. तुमचंही तसंच असण्याची शक्यता मोठी आहे. मग घरीच चाचणी करा. लॅपटॉपवर क्रोमची गुप्त खिडकी उघडा, एफ-१२ दाबा, 'नेटवर्क' टॅबमध्ये 'डिसेबल कॅशे'वर (आधी साठवलेलं वापरू नको) खूण करा, वेग 'स्लो फोर-जी' निवडा, 'परफॉर्मन्स' टॅबमध्ये प्रोसेसर चौपट मंद करा आणि पान ताजं करा. साइट करणाऱ्याला शेजारी बसवून हे करा. 'माझ्याकडे तर पटकन उघडते' हे वाक्य पुन्हा ऐकू येणार नाही.

आम्ही पैठण्या विकतो. मुख्य पानावर पाच फोटोंचा स्लायडर आहे. एलसीपी ६.२ सेकंद दाखवतो. चित्रे लहान करणारे प्लगइन घातले, फोटो निम्म्याने हलके झाले, तरी आकडा जेमतेम अर्ध्या सेकंदाने उतरला. असे का?
— साडीविक्रेते, येवला

कारण तुमचा वेळ चित्र उतरण्यात जात नसून चित्राची मागणी होण्यातच जातो आहे. एलसीपीचे चार तुकडे असतात: सर्व्हरचं पहिलं उत्तर यायला लागलेला वेळ, मग ब्राउझरने त्या चित्राची मागणी करेपर्यंतचा वेळ, मग चित्र उतरायला लागलेला वेळ आणि शेवटी उतरलेलं चित्र रंगवेपर्यंतचा वेळ. क्रोमच्या 'परफॉर्मन्स' टॅबमध्ये नोंद घेतली की डावीकडे हे चार तुकडे मिलिसेकंदांसह दिसतात. निरोगी पानात जवळजवळ सगळा वेळ पहिल्या आणि तिसऱ्या तुकड्यात असतो, दुसरा आणि चौथा नावापुरते. प्लगइनने फक्त तिसरा तुकडा कापला. तुमचा फुगलेला असणार तो दुसरा.

स्लायडरमध्ये हे हमखास होतं. चित्राचा पत्ता मूळ एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाच्या सांगाड्यात, नसतो. तो स्लायडरच्या जावास्क्रिप्टमध्ये किंवा सीएसएसच्या (पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलच्या) पार्श्वभूमीत लपलेला असतो. ब्राउझर आधी पान आणतो, मग सीएसएस, मग जेक्वेरी ही स्लायडरला लागणारी लायब्ररी, मग स्लायडरची फाइल, ती चालवतो आणि तेव्हा कुठे त्याला कळतं की एक फोटोही हवा आहे. तोपर्यंत मंद नेटवर तीन सेकंद गेलेले असतात.

उपाय असा. पहिला फोटो साध्या इमेज टॅगने थेट एचटीएमएलमध्ये लिहा. त्याला 'फेचप्रायॉरिटी' (आणण्याचा अग्रक्रम) हा गुणधर्म 'हाय' असा द्या आणि 'लोडिंग लेझी' (गरज पडेल तेव्हाच उतरव) असेल तर काढून टाका. उरलेल्या चार फोटोंना मात्र लेझी ठेवा. पाचही फोटोंना 'हाय' देणारे लोक आहेत. सगळेच व्हीआयपी झाले की रांग पुन्हा तीच. वर्डप्रेस ५.९ पासून पहिल्या चित्राला लेझीतून वगळतं आणि ६.३ पासून ठळक चित्राला 'हाय' स्वतःच लावतं. पण स्लायडर आणि पेज-बिल्डरची प्लगइनं स्वतःचा एचटीएमएल तयार करतात, त्यामुळे ही सोय तिथे पोचेलच असं नाही. पानाचा सोर्स उघडून डोळ्यांनी तपासा.

खरं तर स्लायडरच काढा, असं आमचं मत आहे. फोनवर दुसऱ्या-तिसऱ्या फोटोपर्यंत थांबतो कोण? एक सुंदर पैठणी आणि खाली 'नवी आवक' एवढं पुरे.

आता वजनाचा हिशोब. कॅमेऱ्यातला ४ एमबीचा फोटो म्हणजे ३२ मेगाबिट. सेकंदाला १.६ मेगाबिटच्या नेटवर तो उतरायला २० सेकंद लागतात. तोच १२० केबी केला तर ०.६ सेकंद. फोनचा पडदा साधारण ३६० बिंदू रुंद आणि त्याची घनता तिप्पट धरली तरी १,०८० पिक्सेल रुंदी भरपूर झाली. ४८०, ७२०, १,०८० आणि १,६०० अशा चार रुंदी तयार करून 'सोर्ससेट'मध्ये, म्हणजे ब्राउझरने निवडायच्या फाइलींच्या यादीत, द्या. सोबत 'साइझेस'ही, म्हणजे चित्र पडद्यावर किती रुंद दिसेल ते, लिहा. तो विसरला तर ब्राउझर चित्र पूर्ण पडद्याइतकं रुंद आहे असं धरतो आणि दोन रकान्यांच्या यादीतही नको तेवढी मोठी फाइल उतरवतो.

पैठणीसाठी एक खास सावधगिरी. वेबपी हा चित्राच्या फाइलचा नेहमीचा प्रकार रंगाची माहिती आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी निम्मी करून साठवतो. माणसाच्या चेहऱ्यात ते कळत नाही, पण लालभडक काठाला लागून हिरवं अंग आलं की कडेला रंग फुटल्यासारखा दिसतो आणि जरीची बारीक वीण पुसट होते. गिऱ्हाईक नेमकं तेच बघायला आलेलं असतं. काठ-पदराच्या जवळून घेतलेल्या फोटोंसाठी एव्हीआयएफ हा दुसरा प्रकार वापरा आणि त्यात रंग पूर्ण ठेवण्याचा, म्हणजे ४:४:४ चा, पर्याय निवडा. यादीतल्या छोट्या फोटोंना वेबपी चालेल. झूमसाठीची मोठी फाइल बोट लावल्यावरच मागवा.

चौथा तुकडा फुगला असेल तर बहुतेक वेळा 'हळूच उमटणारं चित्र' हा प्रकार निघतो. फोटो आलेला असतो, पण स्क्रिप्ट त्याला पारदर्शक ठेवून नंतर दाखवते. ती नक्षी काढून टाका.

आम्ही दिवाळी अंक ऑनलाइन काढतो. आवडता देवनागरी फॉन्ट चार वजनांत (जाड-बारीक प्रकारांत) लावला आहे, प्रत्येक फाइल २५० केबीच्या आसपास. पहिले दोन-तीन सेकंद मजकूरच दिसत नाही. एका मित्राने फाइल 'कापून' हलकी केली, तर 'वऱ्हाड', 'सुऱ्या' तुटू लागले आणि 'ॲ'च्या जागी वेगळाच फॉन्ट दिसू लागला. काय चुकले?
— संपादक मंडळ, डोंबिवली

हा प्रश्न आमचा लाडका आहे, कारण इंग्रजी साइटसाठी लिहिलेले सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत. रोमन लिपीला दोन-अडीचशे आकारांत भागतं. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, रफार, वेलांट्यांचे लहान-मोठे प्रकार मिळून आकारांची संख्या त्याच्या कितीतरी पट होते. शिवाय कोणत्या अक्षराशेजारी कोणता आकार बसवायचा, याचे नियमही फाइलमध्येच असतात. म्हणून वजन.

आधी बघा की फाइल कोणत्या प्रकारची आहे. टीटीएफ किंवा ओटीएफ थेट चढवली असेल, तर ती डब्ल्यूओएफएफ-२ या वेबसाठीच्या प्रकारात बदला. अक्षरांना हात न लावता फाइल बरीच हलकी होते. मग वजनं कमी करा. मजकुराला रेग्युलर, शीर्षकांना बोल्ड, बस. तीन किंवा जास्त वजनं हवीच असतील तर व्हेरिएबल फॉन्टची एकच फाइल स्वस्त पडते. बोल्डची फाइल न देता बोल्ड वापरलं, तर ब्राउझर रेग्युलरलाच जाड करतो आणि 'क्ष', 'ष्ट' यांच्या पोटातल्या मोकळ्या जागा बुजतात. ती काटकसर करू नका.

मित्राने चूक केली ती कापताना. त्याने बहुधा वर्णमालेची अक्षरं मोजून घेतली आणि बाकीचं फेकलं. मराठीसाठी किमान एवढं राहायलाच हवं: युनिकोडचा ०९०० ते ०९७एफ हा पूर्ण देवनागरी पट्टा, २००सी आणि २००डी हे न दिसणारे जोडक-तोडक, २०बी९ वरचं रुपयाचं चिन्ह आणि २५सीसी वरचं ठिपक्यांचं वर्तुळ. 'वऱ्हाड'मधला चंद्रकोरीसारखा र दोन तऱ्हांनी टंकला जातो: ०९३१ वरचा नुक्तेवाला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि २००डी. तुमच्या लेखकांपैकी अर्धे एका तऱ्हेने लिहितात, अर्धे दुसऱ्या. म्हणून दोन्ही ठेवा. 'ॲ' ०९७२ वर आहे. हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या याद्यांतून तो आणि ०९३१ हमखास गळतात.

कापण्यासाठी फॉन्टटूल्समधलं पायएफटीसबसेट वापरा आणि सगळी मांडणी-वैशिष्ट्यं राखण्याचा पर्याय द्या. दिलेल्या अक्षरांपासून बनू शकणारी जोडाक्षरं ते स्वतःच शोधून ठेवतं. फॉन्टच्या परवान्यात बदलाला मुभा आहे ना, तेही आधी वाचा. रोमन अक्षरं वेगळ्या फाइलमध्ये काढा आणि सीएसएसमध्ये दोन्हींना 'युनिकोड-रेंज' (कोणती अक्षरं कोणत्या फाइलमध्ये) द्या. पानावर इंग्रजी शब्दच नसेल तर ती दुसरी फाइल उतरणारच नाही. कापल्यावर तपासणीसाठी एक ओळ जवळ ठेवा: वऱ्हाड, तऱ्हा, सुऱ्या, ॲप, ऑक्टोबर, ज्ञानेश्वरी, स्त्री, उद्ध्वस्त, हृदय, वाङ्मय, ₹१,२५०. ही नीट दिसली की काम झालं.

पानाच्या एचटीएमएल टॅगवर भाषा 'एमआर' लिहा. वेगाशी याचा संबंध नाही, पण बऱ्याच फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे ठेवलेले असतात आणि ते या खुणेनेच जागे होतात.

मजकूर दिसत नाही, कारण फॉन्ट येईपर्यंत ब्राउझर जागा कोरी ठेवतो. 'फॉन्ट-डिस्प्ले' 'स्वॅप' ठेवा. मग फोनमधला देवनागरी फॉन्ट लगेच दिसतो आणि तुमचा आला की बदलतो. या बदलात ओळी पुढे-मागे होतात, म्हणून ओळीची उंची आकड्यात ठरवून द्या, १.६ ते १.८. उंची 'नॉर्मल' सोडली तर प्रत्येक फॉन्ट आपापली उंची आणतो आणि अख्खी कथा खाली-वर हलते. मुख्य मजकुराची एकच फाइल प्रीलोड करा, म्हणजे आधीच मागवा, आणि त्या ओळीत 'क्रॉसओरिजिन' हा गुणधर्म विसरू नका. विसरलात तर तीच फाइल दोनदा उतरते आणि बिचारा वाचक दोनदा डेटा भरतो.

फॉन्ट गूगलच्या सर्व्हरवरून घेण्यापेक्षा स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा. 'दुसऱ्या साइटवर तो आधीच उतरलेला असतो' हा जुना फायदा ऑक्टोबर २०२० मध्ये क्रोम ८६ ने प्रत्येक साइटचा साठा वेगळा केला, तेव्हाच संपला.

राहिला मजकूर. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, म्हणून तीन हजार शब्दांची कथा ५०–६० केबी होते. सर्व्हरवर ब्रॉटली किंवा जीझिप (मजकूर दाबून पाठवायची सोय) चालू असेल तर ती चांगलीच आकसते. तेवढं चालू आहे ना बघा आणि कथेचं वजन विसरा.

आमच्या क्लासच्या प्रवेश-फॉर्ममध्ये जिल्हा निवडला की तालुक्यांची यादी यायला वेळ लागतो. 'नोंदणी करा' दाबल्यावर काहीच होत नाही असे वाटून मुले पुन्हा पुन्हा दाबतात आणि एकाच मुलाच्या तीन नोंदण्या होतात. आयएनपी ६८० आहे. गंमत म्हणजे लाइटहाउसचे गुण ८८!
— शिकवणी वर्ग, नागपूर

गंमत नाही, नियमच तसा आहे. लाइटहाउस पान उघडतं, बोट लावत नाही. त्यामुळे आयएनपी त्या गुणांत नाहीच. त्याऐवजी प्रोसेसर किती काळ अडकून पडला, याचा टीबीटी हा आकडा ३० टक्के धरतात. एलसीपी आणि सीएलएस प्रत्येकी २५.

दोन गोष्टी वेगळ्या करा. सर्व्हरचं उत्तर यायला लागणारा वेळ आयएनपीमध्ये मोजत नाहीत. बोट लावल्यावर पडद्यावर पुढचा बदल दिसेपर्यंत मोजतात. म्हणून बटण दाबताक्षणी ते फिकं करा आणि त्यावर 'नोंदणी होत आहे…' लिहा. बाकीचं काम त्यानंतर. तिप्पट नोंदण्या थांबवायला मात्र एवढं पुरणार नाही, नेट तुटलं की मूल पान ताजं करून पुन्हा पाठवतंच. फॉर्म उघडताना एक गुप्त क्रमांक द्या आणि तो क्रमांक सर्व्हरने एकदाच स्वीकारावा.

तालुक्यांसाठी सर्व्हरला विचारायची गरजच नाही. ३६ जिल्हे आणि ३५८ तालुके, सगळी नावं मिळून दहा-बारा केबीत बसतात. ती फॉर्मसोबतच पाठवा आणि निवडलेल्या जिल्ह्याचे तेवढेच पर्याय यादीत घाला. गावांना मात्र हा उपाय लावू नका, ती चाळीस हजारांच्या वर आहेत.

एवढं करूनही ६८० हलला नाही तर संशय बाहेरच्या स्क्रिप्टवर घ्या: चॅटचा फुगा, माउसची नोंद ठेवणारं साधन, दोन-दोन जाहिरात पिक्सेल (जाहिरातीचा माग ठेवणारे तुकडे). 'नेटवर्क' टॅबमध्ये त्या नावावर उजवी कळ दाबून 'ब्लॉक' करा आणि फॉर्म पुन्हा भरून बघा. एकेक करून वगळलं की चोर सापडतो. आणि 'स्पर्श होईपर्यंत सगळी जावास्क्रिप्ट थांबवा' अशी जी सोय वेग वाढवणाऱ्या प्लगइनांत असते, ती तुमच्याकडे चालू आहे का, ते पाहा. लाइटहाउस स्पर्श करतच नाही, त्यामुळे गुण उड्या मारतात. पण मुलाने पहिल्यांदा बोट लावलं की थांबवलेली सगळी वरात त्याच क्षणी सुरू होते. तुमच्या ८८ आणि ६८० ला एकत्र समजावणारं हेच कारण आम्हाला सर्वांत संभाव्य वाटतं.

बातम्यांचे पोर्टल चालवतो. वाचक म्हणतात, बातमीवर बोट ठेवायला जावे तर जाहिरातच उघडते. चाचणीत सीएलएस ०.०२ आणि खऱ्या वाचकांचा ०.३१. कोणाचे ऐकू?
— पोर्टलचालक, लातूर

वाचकांचं. चाचणीचं यंत्र पान खाली सरकवत नाही, त्यामुळे मधल्या जाहिराती त्याला भेटतच नाहीत.

०.३१ चा हिशोब बघा. फोनचा पडदा ८०० बिंदू उंच. वर ३०० बाय २५० ची जाहिरात उशिरा आली आणि सगळा मजकूर २५० ने खाली ढकलला. हललेला भाग पूर्ण पडदा, म्हणजे १. अंतर २५० भागिले ८००, म्हणजे ०.३१. दोन्हींचा गुणाकार ०.३१. एकाच जाहिरातीने तुमचा आकडा पुरा केला.

जाहिरातीच्या चौकटीला आधीच किमान उंची द्या: २५० आणि वर 'जाहिरात' हा शब्द असेल तर त्याचे २०. जाहिरात आली नाही तरी ती जागा मिटवू नका, कारण मिटवली की मजकूर उलट्या दिशेने उडी मारतो. मोकळ्या जागेत स्वतःच्याच विशेषांकाची पाटी लावा. वेगवेगळ्या आकारांच्या जाहिराती येत असतील तर सर्वांत जास्त वेळा येणाऱ्या आकाराची उंची धरा. प्रत्येक फोटोला रुंदी आणि उंची लिहा. 'ॲप घ्या'ची पट्टी मजकुराला ढकलून न आणता त्याच्यावर तरंगती ठेवा. 'आणखी वाचा' दाबल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत जे हलतं ते माफ असतं, पण मजकूर सर्व्हरवरून दोन सेकंदांनी आला तर माफी नाही. तेव्हा दाबताक्षणी जागा मोकळी करा.

जाहिरातींवर चालणाऱ्या मोठ्या साइटला हे जमत नाही असं नाही. द इकॉनॉमिक टाइम्सने सीएलएस ०.२५ वरून ०.०९ वर आणि एलसीपी ४.५ सेकंदांवरून २.५ वर आणला, तेव्हा पहिल्याच पानावरून परतणाऱ्यांचं प्रमाण ४३ टक्क्यांनी घटलं.

आमचे महाराष्ट्र मंडळ अमेरिकेत आहे. साइट ओळखीच्या माणसाने मुंबईतल्या सर्व्हरवर ठेवली आहे. इथे पहिले उत्तर यायलाच १.९ सेकंद लागतात आणि गणेशोत्सवाची तिकिटे खुली झाली की साइट झोपते. सीडीएन (साइटच्या प्रती जगभरच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा) लावले, फरक शून्य.
— मंडळाचे कार्यकर्ते, न्यू जर्सी

काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यू जर्सी सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर. जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद, हे निसर्गाचं भाडं. केबल सरळ रेषेत जात नाही, म्हणून प्रत्यक्षात २०० च्या पुढे. नव्या भेटीत पानाचं पहिलं अक्षर यायच्या आधी टीसीपीची (जोडणीची) एक, टीएलएस १.३ ची (सुरक्षेच्या कुलुपाची) एक आणि मागणीची एक अशा तीन फेऱ्या होतात. म्हणजे ६०० मिलिसेकंद फक्त प्रवासात गेले. पत्त्यात आधी 'एचटीटीपी'वरून 'एचटीटीपीएस'वर आणि मग 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'वर असं ढकललं जात असेल, तर त्या फेऱ्या वेगळ्या. ते एका उडीत करा.

उरलेले सव्वा सेकंद कुठे जातात, ते असं शोधा. त्याच सर्व्हरवर एक साधी मजकुराची फाइल ठेवा आणि तिचं पहिलं उत्तर किती वेळात येतं ते मोजा. सीडीएन वगळून मोजा, नाहीतर आकडा त्याचा येईल. मग मुख्य पानाचं मोजा. साधी फाइल ०.७ सेकंदात आणि पान १.९ मध्ये, तर मधले १.२ सेकंद पीएचपी (सर्व्हरवर पान तयार करणारा कोड) आणि डेटाबेस खाताहेत. ०.८ सेकंदाच्या आत यायला हवं.

सीडीएनने फरक पडला नाही, कारण क्लाउडफ्लेअरसारख्या सेवा मुळात चित्रं, सीएसएस, स्क्रिप्ट साठवतात. एचटीएमएल पान तुम्ही नियम लिहिल्याशिवाय साठवत नाहीत. सूचना, कार्यक्रमपत्रिका, फोटो ही पानं साठवायचा नियम लिहा, मुदत दहा मिनिटं. लॉग-इन, तिकिटांची टोपली आणि पैसे भरण्याचं पान यांना त्यातून कटाक्षाने वगळा. नाहीतर एका सभासदाचं नाव-पत्ता दुसऱ्याला दिसेल. वर्डप्रेसवर कॅशेचं प्लगइन एकच ठेवा. दोन ठेवली तर जुनं पान कुणाच्या साठ्यातून आलं ते शोधण्यात उत्सव संपेल.

तिकिटांच्या दिवशी बसलेला माणूस दर पाच सेकंदांनी पान ताजं करतो. कार्यक्रमाचं पान साठ्यातून द्या आणि 'किती जागा उरल्या' एवढाच आकडा वेगळ्या छोट्या विनंतीने आणा. तोही दहा सेकंद साठवा. जागा खरोखर अडवायची ती पैसे भरताना. आणि सभासद अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असतील तर सर्व्हरही तिथेच हलवा. ओळखीच्या माणसाला वाईट वाटेल, त्याला उत्सवाचं तिकीट द्या.

दुरुस्त्या करून बारा दिवस झाले. सर्च कन्सोल (गूगलचा साइटमालकांसाठीचा अहवाल) अजून लालच दाखवते.
— दागिन्यांचे दुकान, कोल्हापूर

आकडा मागच्या २८ दिवसांचा असतो. बारा दिवस नवे आणि सोळा जुने अशी मिसळ तुम्ही बघताय. थांबा. तोवर लाइटहाउसचे आकडे रोज लिहून ठेवा, म्हणजे मध्येच कुणी नवी स्क्रिप्ट घुसवली तर कळेल.

एक जण '१०० पैकी १०० गुण' करून देतो म्हणतो, १५ हजार रुपयांत. द्यावेत का?
— किराणा घाऊक व्यापारी, सोलापूर

गुणांवर करार करू नका. चाचणीचं यंत्र ओळखून त्याला हलकं पान दाखवणारी, किंवा वर सांगितलेली 'स्पर्शापर्यंत थांबवा' ही युक्ती वापरणारी माणसं बाजारात आहेत. गुण १०० होतील, गिऱ्हाईक तिथेच अडकलेलं राहील. करारात असं लिहा: मोबाइलवर, खऱ्या वापरकर्त्यांच्या नोंदींत, एलसीपी २.५ सेकंद, आयएनपी २००, सीएलएस ०.१ च्या आत. तुमच्या साइटला तेवढ्या नोंदी मिळत नसतील तर त्याने 'वेब-व्हायटल्स' ही मोफत लायब्ररी साइटवर बसवून तुमच्याच गिऱ्हाइकांचे आकडे गोळा करून दाखवावेत. काय काय बदललं, कोणती प्लगइनं काढली, याची यादी आणि बदलाआधीचा पूर्ण बॅकअप आधी ताब्यात घ्या. निम्मे पैसे काम सुरू करताना, उरलेले काम संपल्यानंतर २८ दिवसांनी, पाच-सहा नेहमीच्या दुकानदारांच्या फोनवर ऑर्डरचं पान उघडून बघितल्यावर.